विधवेचा नवरा

आमच्या मोरोक्कोतल्या रिफच्या डोंगरात किफ, म्हणजे गांजा, पेरत नाही असं एक घर दाखवा, मी माझं मिमूंत हे नाव बदलीन. तरी पोलिसांची जीप घाटात गुरगुरली की सगळ्यांचं एकच उत्तर: शेत कुणाचं, ठाऊक नाही. माझं त्याहून पक्कं. "मी विधवा बाई, साहेब. नवरा केव्हाच वारला."

तोवर नवरा मागच्या भिंतीवरून उडी मारून देवदारांच्या रानात! किफ लावल्याबद्दल हद्दूवर वॉरंट होतं. तो ना कधी बाजारात गेला, ना भावाच्या लग्नात. बाप गेला तेव्हा नमाजसुद्धा त्यानं रानातूनच पढली. पीक न्यायला दलाल अंधारात यायचा. तो म्हणेल तो भाव, वर दमदाटी.

मग कायदा बदलला. किफ लावायला परवानगी मिळाली, जुने गुन्हे माफ झाले, गावात सहकारी संस्था निघाली. संस्थेच्या माणसानं हद्दूचा परवाना घरी आणून दिला. हद्दूनं तो कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, "फसवत असतील."

कापणी झाली. ठरल्या दिवशी पोलिसांची जीप आणि संस्थेचा ट्रक यायचा होता. पीक परवानावाल्यानं स्वतःच्या हातानं द्यायचं, नाहीतर जागेवर जाळायचं, असा नियम. घाटात इंजिन वाजलं आणि आमचा वीर भिंतीपलीकडे! मेली सवय, दुसरं काय.

अधिकाऱ्यानं विचारलं, "हद्दू बिन अल्लाल कुठे आहेत?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "केव्हाच वारला, साहेब. मी विधवा बाई."

"अरेरे! मग परवाना संपला. हे सगळं जाळावं लागेल."

अगं आई गं! वर्षभराची मेहनत! मी रानाकडे तोंड करून ओरडले, "अरे माझ्या पोरीच्या बापा! मेलायस की जिवंत आहेस, एकदाचं सांगून टाक! आणि आज उतरला नाहीस ना, तर खरंच दुसरं लग्न करीन!"

पोलीस फिस्सकन हसले. बायका छपरांवर जमल्या. रानात काही हलेना.

मग तो आला. भिंतीवरून नाही, समोरच्या रस्त्यानं, अगदी मधून. झग्याला काटे, डोक्यात पालापाचोळा, पण मान ताठ. पोलिसांसमोर उभा राहिला आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं बोलला, "मी हद्दू बिन अल्लाल. शेत माझ्या बापाचं होतं, आता माझं आहे. हे पीक मी लावलंय."

छपरांवरच्या बायकांनी लग्नात घालतात तशा आरोळ्या घातल्या. माझा ऊर भरून आला. हा माझा नवरा!

"बाई, वारले म्हणालात ना?" अधिकारी म्हणाला.

"कालपर्यंत वारलेलाच होता, साहेब."

हद्दूनं एकेक पेंढी आपल्या हातानं ट्रकवर चढवली. शहरात वजन करून घ्यायला तोच जाणार होता, ड्रायव्हरशेजारी बसून. दार लावता लावता त्यानं मला विचारलं, "बाजारातून काय आणू?"

संसारात हे कधी ऐकलंच नव्हतं. मला रडूच फुटलं.

"काही नको," म्हटलं. "येताना रस्त्यानं ये म्हणजे झालं."