चष्मा घालून जा

“म्हणजे नुसतं ठरवलं तरी तुरुंग?” साऊ-किंगने तिसऱ्यांदा विचारलं.

कोर्टाबाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी नवऱ्याचा वकील बसला होता. फुंग वयाने तरुण असला तरी सोशिक होता.

“काकू, कट म्हणजे ठरवणंच. दोघांनी मिळून गुन्हा करायचं ठरवलं की झालं, मग तो तडीस जावो न जावो. आणि शिक्षा मूळ गुन्ह्याइतकी होऊ शकते. काकांनी आणि तुमच्या मुलाने तर पोलिसांना खोटं सांगितलंसुद्धा.”

“आणि तेव्हा शेजारी कुणी जेवत बसलं असेल तर?”

“नुसतं ऐकलं तर काही नाही. पण साथ दिली तर तोही त्यात आला.”

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षं काढली होती तिने. एका रुग्णाचं ताट कधी दुसऱ्याला जाऊ दिलं नव्हतं. अशी बाई, आणि गेल्या हिवाळी सणाला स्वतःच्या टेबलावर काय बोलून बसली!

त्या संध्याकाळी वाफवलेला मासा मधोमध ठेवून नवराबायको मुलाची वाट पाहत होती. का-लोक आला तो पांढराफटक पडून. त्याच्या व्हॅनखाली एका म्हाताऱ्याचा पाय सापडला होता आणि हा न थांबता पळून आला होता. पुढच्या महिन्यात अग्निशमन दलात रुजू व्हायचं होतं त्याला.

“व्हॅन मी चालवत होतो,” तिचा नवरा क्वोक-चिऊ म्हणाला. जन्मभर मिनीबस चालवलेला माणूस. “मी म्हातारा, मला काय होतंय? कळलं ना? जेव आता.”

“बाबा, पण...”

“जेव म्हटलं ना!”

तिने तेव्हा ताट भिरकावायला हवं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, “अहो, मग पोलिसांकडे चष्मा घालून जा. लायसन्सवर लिहिलंय तसं. नाहीतर तिथेच पकडतील.”

पुढे पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात का-लोक दिसला. बापलेकांनी गुन्हा कबूल केला आणि दोघांनी वेगवेगळं, पण एकच सांगितलं : ती आत मासा वाफवत होती, तिला काही ठाऊक नाही. मासा तर केव्हाच टेबलावर आला होता.

“आणि कुणी चष्म्याची आठवण करून दिली असेल तर?” तिने हळूच विचारलं.

फुंगने फाईल मिटली. “काकू, मी काकांचा वकील आहे. बोलायचंच असेल तर स्वतःचा वकील करा. मला सांगू नका.”

आत कोर्टात आरोपींच्या काचेमागे बापलेक उभे होते. न्यायाधीश कागद चाळत होत्या. क्वोक-चिऊ चष्म्यातून तिला शोधत होता. त्याची नजर तिच्यावर स्थिरावली आणि साऊ-किंग उठून उभी राहिली. वाक्य ओठांवर होतं : मीसुद्धा होते.

त्याने ते ओळखलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिचं उभं राहणं त्याला कळत होतं. त्याने सावकाश चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि तिच्याच दिशेने पाहत राहिला. चष्म्याविना त्याला दोन हातांपलीकडचा चेहरा ओळखू येत नसे.

“बसा, बाई,” शिपाई म्हणाला.

ती बसली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची तर जास्तच लाज वाटली.

कबुलीची सूट धरून मुलाला आठ महिने, बापाला सहा.

खाली नेताना पहिल्याच पायरीवर क्वोक-चिऊ अडखळला. का-लोकने त्याचा दंड धरला. चष्मा खिशातच राहिला.