मेमरी कुणी घेतली?

सातपूरच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर एकच होता, खोलीभर पसरलेला. पण आत सोय अशी केलेली, की प्रत्येक खात्याला वाटावं हे मशीन आपल्या एकट्याचंच. त्याला ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणत. लंका पगारेकडे स्टोअर्स खात्याचं मशीन होतं, त्याचे प्रोग्रॅमही तीच लिहायची. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ते अचानक रखडायला लागलं. एखादा सुटा भाग शिल्लक आहे का, एवढं विचारलं तरी पडदा ढिम्म. काउंटरवर मिस्त्री ताटकळायचे आणि बोलणी लंकाला बसायची.

प्लॅनिंग आणि स्टोअर्स दोन्ही खाती बघणारे मॅनेजर सांगळे मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "पगारेबाई, प्रोग्रॅम जमत नसतील तर सांगा. टायपिंगला बसवू तुम्हाला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारी बसलेला जयराम पेनाचं टोपण उघडझाक करत राहिला. सगळ्या कॉम्प्युटरची सिस्टिम तोच सांभाळायचा. दोघं जेवायला रोज एकत्र बसायचे.

लंकाने प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासले. चूक सापडेना. शेवटी तिने जयरामलाच गाठलं.

"माझ्या मशीनचे ऑप्शन दाखव. त्याला काय काय दिलंय ते बघायचंय."

"कशाला उगाच..."

"दाखव म्हणते ना!"

त्याने दाखवले. तिची निम्मी मेमरी काढून सांगळ्यांच्या प्लॅनिंग खात्यासाठी राखून ठेवली होती. तिचं काम उरलेल्या मेमरीत मावेना. ते सारखं डिस्कवर टाकायचं आणि परत उचलायचं, यातच मशीनचा जीव जात होता. वर तिच्याच मशीनवर कामगिरीची बारीक मोजणी चालू केलेली. तीही वेळ खात होती, आणि ‘स्टोअर्स सुस्त’ असा रिपोर्ट सांगळ्यांच्या टेबलावर नेऊन टाकत होती.

"हे कुणी केलं?"

"मी. साहेबांनी सांगितलं. म्हणाले, मुंबईच्या डायरेक्टरांसमोर प्लॅनिंगचं काम झटपट दिसलं पाहिजे, ते येऊन जाईपर्यंत बोलू नको कुणाला."

लंकाची कानशिलं तापली. "साहेबाचं मला नवल नाही रे. पण तू शेजारी बसून ऐकत होतास! ऊठ. मला सांगितलंस तेच आत चलून सांग."

"नोकरी जाईल माझी, लंका."

"माझी चालली होती तेव्हा तुझी दातखीळ बसली होती का?"

ती त्याला केबिनमध्ये घेऊन गेली. सांगळे म्हणाले, "आधी दार लावा."

"उघडंच राहू दे," लंका म्हणाली.

जयराम अडखळत बोलला. बाहेरचे टाइपरायटर थांबले.

"अहो, तात्पुरती व्यवस्था होती ती," सांगळे म्हणाले.

"मग मीटिंगमध्ये तसं सांगायचं. माझी अक्कल का काढलीत?"

सांगळ्यांनी जयरामला सगळं पहिल्यासारखं करायला सांगितलं. दुपारी मेमरी परत मिळाली, मोजणी बंद झाली, काउंटर हलायला लागला. माफी मात्र त्यांनी कधी मागितली नाही.

संध्याकाळी जयराम तिच्या टेबलाशी आला. "चुकलं माझं."

"ठरवून केलेल्याला चुकणं म्हणत नाहीत," ती म्हणाली आणि कीबोर्डकडे वळली. पुढे ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. राग काही गेला नाही, आणि तो घालवावा असं तिला वाटलंही नाही.