आधी मोठ्यांचं होऊ दे

मी माइक बोलतोय. हे वाक्य उच्चारताना मलाच अवघडल्यासारखं होतं, कारण आजवर माझ्यातून बोलले ते दुसरेच. मी फक्त पुढे पाठवत राहिलो. भाषणं, सूचना, आभार, हरवलेल्या छत्रीची चौकशी, सगळं. मी सुरू आहे की नाही हे बघायला माणसं माझ्या तोंडावर फुंकर का मारतात, ते मला अजून समजलेलं नाही. नव्या माणसाची ओळख करून घ्यायची असेल, तर त्याच्या तोंडावर फुंकता का तुम्ही?

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझी तार जोडली, जाळी बसवली आणि मला ओठांजवळ धरून "एक, दोन, तीन" म्हटलं. मग शेजारणीकडे वळून विचारलं, "आज तरी वेळेत सुटू का गं आपण?" मी सुरू होतो. त्यामुळे मी पुढे पाठवलेलं पहिलं खरं वाक्य ते. तेव्हा वाटलं होतं, आपण एखाद्या गायिकेच्या हाती पडणार. पडलो एका बेटावरच्या सभागृहाच्या हाती. बटाट्यांची पोती आणि कुणाच्या तरी कपाटाचं दार, यांच्यामध्ये बसून मी बोटीने आलो.

सभागृह धक्क्याला लागूनच आहे. खिडकीतून बोट दिसते. बोट मात्र बेटाची नाही, तिचं घर पलीकडे, मोठ्या शहरात. सकाळी तिकडून येते, दिवसभर फेऱ्या मारते आणि पाच वाजता शेवटचा भोंगा देऊन बेटावरून परत जाते, ती दुसऱ्या सकाळपर्यंत. त्यानंतर पलीकडे अडकलेला माणूस पलीकडे आणि इकडे अडकलेला इकडे.

माझी देखभाल करणारे काका माणूस म्हणून चांगले. धूळ बसू नये म्हणून ते मला जुना पायमोजा घालून कपाटात ठेवत. धुतलेला असायचा, असं म्हणायला हरकत नाही.

या सभागृहात एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण कुणी मोडत नाही. बोलायचं ते वयाच्या क्रमाने. सर्वात म्हातारा आधी, मग त्याच्याहून थोडा कमी म्हातारा, असं खाली खाली यायचं. ऐकायला छान वाटतं. पण मी बघत आलोय, क्रम चाळिशीपर्यंत येईतो लोकांना घरचा स्वयंपाक आठवतो, आणि त्याच्या खाली तो कधी उतरतच नाही. मागच्या रांगेतली मुलं-मुली शाळेत होती तेव्हापासून मी त्यांना ओळखतो. त्यांच्यातल्या एकाचाही श्वास माझ्या जाळीला कधी लागलेला नव्हता.

मग आराखडा आला.

पलीकडच्या कचेरीतून एक अधिकारी मॅडम आल्या, सोबत दोन सहायक आणि भिंतभर नकाशा. या सगळ्या भागाची पुढच्या तीस वर्षांची वाहतूक ठरवायची होती. पूल कुठे, धक्का कुठे, बोटी किती आणि केव्हा. पहिला टप्पा तर पुढच्याच वर्षीचा, म्हणजे बोटीचं नवीन वेळापत्रकही त्यातच. मॅडम म्हणाल्या, लोकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय काही ठरणार नाही. बेटावर तीन सुनावण्या होतील. माझ्या तारेला त्यांनी एक ध्वनिमुद्रण यंत्र जोडलं. त्याचा लाल दिवा लागला की माझ्यातून गेलेला प्रत्येक शब्द सरकारी नोंदीत. खुर्चीवरून कुणी काही ओरडलं तर तो नुसता गोंगाट.

इतकं महत्त्व मला आयुष्यात मिळालं नव्हतं. त्या दिवशी काकांनी पायमोजासुद्धा नवीन आणला.

पहिल्या सुनावणीत निवृत्त हेडमास्तर उठले आणि त्यांनी स्वतःच्या जन्मापासून सुरुवात केली. त्यांच्यामागून किराणा दुकानवाले. त्यांनी दुकानासमोरच्या खड्ड्याचा इतिहास सांगितला. प्रत्येकाच्या भाषणाचा शेवट मात्र एकच, पूल झालाच पाहिजे. पूल मलाही वाईट वाटत नव्हता. पण पुलाला वीस वर्षं लागतील हे मॅडमनी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, आणि पुढच्या रांगेतलं एकही डोकं हे ऐकून घ्यायला तयार नव्हतं. भोंगा झाला. पाहुणे उठले. दुसरी सुनावणीही अशीच गेली, फक्त खड्डा दुसरा होता. लेखी सूचनांची मुदत होती तीही संपली. हेडमास्तरांनी साऱ्या बेटाच्या वतीने एकच कागद धाडला होता, कुणालाही न विचारता. त्यातही पूलच.

मागच्या रांगेत एक मुलगी बसायची. बेटावर सगळे तिला घाई म्हणत, कारण लहानपणापासून तिचं पाऊल जमिनीवर ठरत नसे. सकाळी ती बर्फाच्या कारखान्यात काम करायची. पलीकडच्या संस्थेत बोटींच्या इंजिनदुरुस्तीच्या संध्याकाळच्या वर्गाला तिला प्रवेश मिळाला होता. वर्ग सुटायचा सातला. तेव्हा बोट नाही. तिचा भाऊ असाच शिकायला म्हणून गेला, तिकडे खोली घेतली आणि तिकडचाच झाला. आता फोनवर हवामान विचारतो. घाई गेली तर घरात उरणार शिवणकाम करणारी आई आणि आजोबा. वेळापत्रकात संध्याकाळची एक फेरी आली, तर तिला बेट सोडावं लागणार नव्हतं. बस, एवढंच तिला मॅडमना सांगायचं होतं.

तिसऱ्या सुनावणीला ती लवकर आली आणि थेट पुढच्या रांगेत, माझ्या शेजारी बसली. ओठ हलवून तालीम करत होती. आई तिच्या कानाशी म्हणाली, "आजोबांशी बोललीयस ना?" घाई म्हणाली, "थोडक्यात आटपतो म्हणालेत. म्हणजे तू समज."

आजोबा त्या बोटीचे जुने कप्तान. उभा जन्म त्यांनी तिच्यावर काढला होता. बेटावर त्यांचा शब्द खाली पडत नसे. वयानेही तेच सर्वात मोठे, म्हणून मी आधी त्यांच्या हातात गेलो. त्यांनी मला सुकाणू धरावं तसं दोन्ही हातांनी धरलं. मॅडमचे आभार मानले. मॅडमच्या सहायकांचे आभार मानले. मग पहिल्या बोटीची गोष्ट काढली, मग वादळाची. गोष्ट चांगली होती. मी ती अनेकदा पुढे पाठवली आहे, मला पाठ आहे. ती किती लांब आहे हेही पाठ आहे.

घाई उठून त्यांच्याजवळ आली. "आजोबा, द्या ना आता."

त्यांनी मला पंजाने झाकलं. त्या पंजाच्या आत जो आवाज झाला, तो फक्त मी ऐकला आणि तिने. "आधी मोठ्यांचं होऊ दे, पोरी. मागे अजून तिघं आहेत."

तेव्हा ती माझ्याविनाच बोलली. आवाज खणखणीत होता, शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "हा आराखडा तीस वर्षांचा आहे. तीस वर्षांनी या खोलीतले जे जे जिवंत असणार आहेत, त्यांनी हात वर करा."

मागे हळूहळू हात वर झाले. कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने मुलाचाही हात वर केला. पुढची रांग आपापल्या गुडघ्यांकडे बघत राहिली.

मॅडम पुढे झुकल्या. "ताई, हे माइकवर बोलाल का? म्हणजे नोंद होईल."

मी आजोबांच्या हातात होतो. त्यांची पकड सैल झालेली मला जाणवली. हो, झाली होती. मी शपथेवर सांगतो, तो हात तिच्याकडे निघालाच होता. तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले, "कप्तान, हीच शिस्त लावली का घरात?" चार माणसं हसली. आणि ती बोटं पुन्हा माझ्याभोवती आवळली गेली. चार माणसांच्या हसण्याला एवढं वजन असतं, हे मला त्या दिवशी कळलं. वादळाला न घाबरलेला माणूस त्या हसण्याला घाबरला.

भोंगा झाला.

सहायकांनी नकाशा गुंडाळायला घेतला. घाईने मला ओढलं, आजोबांनी सोडलं नाही आणि मग दोघांनी एकदमच सोडलं. मी फरशीवर आपटलो. माझ्या जाळीला पडलेला खळगा अजून आहे. तिने मला उचललं आणि बोलायला लागली.

"पाच वाजता बोट जाते म्हणून तुम्ही उठताय ना? आम्ही रोज असंच अर्ध्यातून उठतो. वर्गातून उठतो, दवाखान्याच्या रांगेतून उठतो, मुलाखतीला बोलावलं तर आपला नंबर यायच्या आत उठतो. पूल बांधा नाहीतर नका बांधू. संध्याकाळची एक बोट द्या. ती असती तर आज तुम्हाला आमचं ऐकून जाता आलं असतं."

माझ्यातून गेलेलं याहून खरं काही मला आठवत नाही. पण यंत्राचा लाल दिवा विझलेला होता. सहायकाने माझी तार केव्हाच काढून टाकली होती. मी तिच्या हातात होतो आणि कुठेच जोडलेला नव्हतो.

मॅडम दारात थबकल्या. "तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण बोट..." वाक्य पुरं करायलाही त्यांना वेळ नव्हता.

काही महिन्यांनी छापील आराखडा आला. काकांनी तो सभागृहात मोठ्याने वाचून दाखवला. पूल शेवटच्या टप्प्यात, तोही अधिक अभ्यासानंतर. बोटीच्या वेळा आहेत तशाच, कारण बदलाची मागणी नोंदवली गेली नाही. आणि खाली एक ओळ, बेटावरील तरुण वर्गाकडून कोणतीही सूचना प्राप्त झाली नाही. हेडमास्तर म्हणाले, हल्लीच्या पोरांना कशात रसच नाही. मी तेव्हा पायमोजात होतो. नसतो तरी काय करू शकलो असतो?

घाई गेली त्या दुपारी काका माझी तार चिकटपट्टीने सांधत खिडकीशी बसले होते. आजोबा तिची बॅग धक्क्यावरून नेत होते, कुणालाही हात लावू देत नव्हते. आई मागून चालत होती, पदराने तोंड झाकून. बोटीच्या फळीपाशी आजोबांनी बॅग खाली ठेवली. ज्या माणसाला मी कधी थांबताना पाहिलं नव्हतं, त्याला तिथे दोन वाक्यं जुळवता येईनात. शेवटी म्हणाले, "रविवारी येशील ना?"

"बघते," घाई म्हणाली. "सकाळी आले तर पाचला निघावं लागेल. आईला जपा."

त्यानंतर मागच्या रांगेतले ते वर झालेले हातही एकेक करून पलीकडे गेले. बर्फाच्या कारखान्याला माणसं मिळेनात. हल्ली मला बाहेर काढतात ते बहुतेक शोकसभांना. मागच्या महिन्यात हेडमास्तरांची झाली. तिथेही बोलले ते वयाच्याच क्रमाने. यावेळी क्रम लवकर संपला.

परवा बोट गेल्यावर आजोबा एकटे सभागृहात आले. दुपारची आणखी एक शोकसभा केव्हाच संपली होती. काका खुर्च्या लावून घरी गेले होते, मी अजून टेबलावरच पडलो होतो. आजोबांनी मला उचललं, खळग्यावरून अंगठा फिरवला. फुंकर मारली नाही. आराखड्याचा फेरविचार पाच वर्षांनी होतो आणि त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे, हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. ते रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून ताठ उभे राहिले. मला वाटलं आता आभार, मग पहिली बोट, मग वादळ.

ते म्हणाले, "माझी वेळ माझ्या नातीला द्या."

बस, एवढंच. मग पुन्हा तेच म्हणाले, जरा सावकाश, तालीम केल्यासारखं. मग मला हळूच खाली ठेवलं आणि खिडकीतून रिकाम्या धक्क्याकडे बघत राहिले.

माझं बटण बंद होतं. तार गुंडाळलेली होती. आणि चालू असतो तरी मला काही साठवून ठेवता येत नाही, माझं काम पुढे पाठवण्याचं. त्या वाक्याच्या पुढे कुणीच नव्हतं. म्हणून ते आता तुमच्यापर्यंत पाठवतोय. तुमच्या गावात, तुमच्या बेटावर कुणी पुढच्या तीस वर्षांचं विचारायला आलं, तर माझ्यासारखा जो कुणी टेबलावर असेल, त्याला आधी मागच्या रांगेत नेऊन द्या. भोंगा व्हायच्या आत.