शेवटचा माणूस

तिने तिसऱ्यांदा हॉर्न दाबला तेव्हा कुठे शिट्टीवाले काका अडथळ्यापासून गाडीजवळ आले.

"मॅडम, हॉर्न वाजवून रस्ता उघडत नाही. हाफ मॅरेथॉन आहे. शेवटचा माणूस खाली येईपर्यंत बंद."

"मला फक्त वर खिंडीपर्यंत जायचंय. चार किलोमीटर."

"प्रत्येकालाच कुठे ना कुठे जायचं असतं." त्यांनी डोक्यावरच्या फलकाकडे बोट केलं. 'सैनिकांच्या कुटुंबांसाठी धावू या.' "चांगल्या कामासाठी आहे. जरा कळ सोसा."

"अहो, मी सैनिकाचीच बायको आहे!"

काका चपापले. त्यांनी चक्क सलाम ठोकला. मग म्हणाले, "मग तर तुम्ही समजून घ्यायलाच हवं."

पोस्टाच्या खिडकीत बसून ती स्वतःच रोज लोकांना नियम ऐकवायची. ते आपल्याकडे असे का बघतात, हे तिला आज कळलं.

नवऱ्याच्या तुकडीची बस आठ वाजता खिंडीतल्या थांब्यावर अर्धा तास थांबणार होती. तिथून पुढे कुठे, किती महिने, कुणालाच ठाऊक नव्हतं. सात महिन्यांपूर्वी तो निघाला तेव्हा दोघांचं भांडण झालं होतं, तेही पाण्याची टाकी कुणी भरायची यावरून. तो दारात बूट घालत होता आणि ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नव्हती. नंतर फोनवर हवापाण्याच्या गप्पा झाल्या, पण तो विषय दोघांनीही काढला नाही. आज तिला त्याला निरोप द्यायचा होता. राहिलेला.

सव्वासात वाजले होते. तिने गाडीची किल्ली काढून शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या हातात दिली.

"आई, मी चालत जाते."

"आणि मी? मुलगा माझा आहे म्हटलं."

"चार किलोमीटर चढ आहे. तुमचे गुडघे—"

"माझ्या गुडघ्यांचं नाव काढू नकोस." सासूबाईंनी मांडीवरचा डबा पुढे केला. "हा तरी ने."

"डबा घेऊन पळू का आता?"

डबा सासूबाईंच्या मांडीवरच राहिला आणि त्यांचं तोंड फुगलेलंच राहिलं.

चढावर सगळं जग तिच्या अंगावर येत होतं. धावणारे दोन्ही बाजूंनी उतरत होते, हसत होते, एकमेकांचे फोटो काढत होते. "ताई, उलट्या चाललात!" एकाने सांगितलं, जणू तिला ते माहीत नव्हतं. पाण्याच्या टेबलामागच्या बायकांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. तिला त्या टाळ्यांचा संताप आला. तिच्यासाठी हजारो लोक धावत होते आणि तिला एकटीला वाट द्यायला कुणी तयार नव्हतं. चपलेचा पट्टा टाचेला घासत होता. फोनला रेंज नव्हती.

आठ वाजून वीस मिनिटांनी ती खिंडीत पोचली. थांबा रिकामा होता.

"सैन्याची बस?" चहावाला म्हणाला. "ती वर आलीच नाही. रस्ता बंद ना. डोंगराला वळसा घालून पायथ्याकडून नेली म्हणे."

ती बाकावर बसली आणि रागाने रडली. मग हातातला फोन एकदम थरथरला. न लागलेले नऊ कॉल. तिने फोन लावला.

"अगं, आहेस कुठे?" सासूबाई ओरडल्या. "हा इथे गाडीत बसून डबा संपवतोय! शिट्टीवाल्याने बस अडवून धरलीय. शेवटचा माणूस उतरल्याशिवाय सोडत नाही म्हणतो."

पलीकडे खुडबुड झाली. मग त्याचा आवाज आला.

"रस्ता मोकळा झाला की लगेच सुटणार आम्ही. ऐक, त्या दिवशी दारात—"

"फोनवर नको," ती म्हणाली. "मी येते."

ती उठली तेवढ्यात समोरून शेवटचा माणूस खिंडीत आला. पन्नाशीचा, चांगला अंगाने भरलेला, एक हात कमरेवर. मागे हळूहळू येणारी जीप. तिला बघून तो ओशाळला.

"माझ्यामुळे खोळंबलात ना सगळे? आता उतार आहे. पळतो."

"नको!" तिने त्याचा दंडच धरला. "काका, पळू नका. पाया पडते."

तो बघतच राहिला. "सकाळपासून जो तो मला जोर लावा, जोर लावा म्हणतोय."

"माझा नवरा खाली बसमध्ये आहे. सैन्यात असतो. तुम्ही पोचलात की बस सुटणार."

त्याने खाली जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्या टाचेकडे, जिथून रक्त येत होतं. तो वळून जीपवाल्याला म्हणाला, "थांबा हो जरा. नाडी सुटलीय."

आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसून तो घट्ट बांधलेली नाडी सोडायला लागला.

तिने चपला हातात घेतल्या आणि पळत सुटली. पहिल्या वळणावर मागे पाहिलं, तेव्हा त्याने दुसराही बूट काढायला घेतला होता.