कमरेइतकी सीट

"आधी बसून तर बघा, बाबा. मग काय ते बोला!" मुलाने काळ्या सेडानचं दार उघडून धरलं.

अशी दारं बाबांना नवी नव्हती. एकतीस वर्षं ड्रायव्हर म्हणून ते साहेबांसाठी ती उघडत आणि लावत आले होते. अर्धांगवायूच्या झटक्याने उजवं अंग गेलं, त्यानंतर मात्र एकदाच ते गाडीत बसले होते. दवाखान्याच्या दारात दोघांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं, तेव्हा पायजमा घसरला आणि रांगेतल्या बायकांनी माना फिरवल्या. तेव्हापासून आठ महिने त्यांनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. ज्या गाडीत माझा मी चढेन, तिनेच बाहेर जाईन, असं सांगून ते मोकळे झाले होते.

म्हणून आज विक्रेत्याने दोन गाड्या दारातच आणल्या होत्या. सेडान दोनच वर्षं वापरलेली, आरशासारखी लखलखीत. शेजारी अकरा वर्षांची उंच एसयूव्ही, रंग उडालेली, मागच्या दाराला पोचा.

काठी टेकत बाबा सेडानपाशी गेले आणि पाठमोरे बसले. खाली, आणखी खाली. गुडघे छातीशी आले. सीट झकास होती, ते त्यांना नाकारता येईना.

"लोण्यासारखी आहे ना, काका?" विक्रेता म्हणाला.

"आहे खरी. आता उठतो."

एकदा जोर लावला, दोनदा लावला. तिसऱ्यांदा चेहरा लालबुंद झाला. समोरच्या गॅलरीत दोन डोकी जमली. शेवटी मुलाने हात धरून त्यांना उभं केलं. बाबांना भयंकर लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ संताप आला.

"ही नको."

"बाबा, हट्ट सोडा! तो खटारा घेऊन चार लोकांत जायचं? मी उचलेन की तुम्हाला."

"उचलायला मी काय पोतं आहे?"

दारात उभ्या असलेल्या आईने शिवणाची टेप काढली आणि सरळ दोन्ही सीटची उंची मोजली. "ही एकोणीस इंच. ही सत्तावीस. स्वयंपाकघरातलं स्टूल सत्तावीसच आहे. त्यावरून हे रोज एकटे उठतात," ती म्हणाली. "अहो, चढा तुम्ही. कुणी हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

बाबा एसयूव्हीकडे पाठ करून उभे राहिले. सीटची कड नेमकी कमरेला लागली. ते टेकले. डाव्या हाताने विजार धरून उजवा पाय उचलला. पाय पायरीवर अडकला. मुलगा पुढे झाला, आईने त्याचा शर्ट मागे खेचला. विक्रेत्याने घड्याळ पाहिलं.

"घाई असेल तर त्या गाडीतून निघा तुम्ही," बाबा म्हणाले.

पाय आत आला. मग हळूहळू ते वळले आणि समोर बघून ताठ बसले. कपाळावरून घाम ओघळत होता, तो त्यांनी तसाच राहू दिला. खूप दिवसांनी त्यांना गल्लीचं टोक दिसत होतं.

सवयीने मुलगा दार लावायला वाकला.

"राहू दे."

बाबांनी डाव्या हाताने दार ओढलं. ते नीट लागलं नाही. त्यांनी ते पुन्हा पूर्ण उघडलं आणि सगळा जीव एकवटून ओढलं. या वेळी ते लागलं.