'हँड' या शब्दाचा नववा अर्थ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी कोश आहे. जुना म्हणजे किती, तर माझी पहिली अकरा पानं वाळवीनं खाल्ली आहेत, तेव्हा तिथले शब्द मला विचारू नका. बाकीचे खुशाल विचारा. पुण्यात मी छापला गेलो, नांदेडच्या जुन्या बाजारात विकला गेलो आणि १९३१ साली बंडोपंतांच्या पिशवीतून आखाडा बाळापुरात आलो.

बंडोपंत कळमनुरीच्या कचेरीत कारकून होते. कचेरीचा कारभार उर्दूत, घरचं बोलणं मराठीत. इंग्रजी गावात एकट्या त्यांनाच येई, म्हणजे खरं तर माझ्या जिवावर येई. कुणाची तार आली की ते चष्मा लावत आणि मला मांडीवर घेत. काय रुबाब होता माझा! एरवी त्यांच्या पत्नी गंगूताई मला पापडांवर वजन म्हणून ठेवत. सत्तावीस हजार शब्द पोटात घेऊन पापड दाबत बसायचं, मला तर फार राग यायचा.

या सगळ्या शब्दांत माझा लाडका शब्द 'हँड'. दिसायला एवढासा, पण कर्तृत्व बघा. माझ्या पानावर त्याचे नऊ अर्थ एकाखाली एक छापले आहेत. असा हरहुन्नरी शब्द माझ्याकडे दुसरा नाही. पण याच शब्दानं एकदा अनर्थ व्हायची वेळ आली होती.

१९३८ सालचा हिवाळा होता. गल्लीतला पिंजारी चाँद पाशा वऱ्हाडात एका जीनमध्ये कामाला गेला होता. जीन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. त्याच्या बायकोचे, हलीमाचे, दिवस भरत आले होते. आधीची दोन लेकरं जन्मताच गेली होती, म्हणून दाई खुर्शीदबीनं तिला जागचं हलायचं नाही अशी ताकीद दिली होती. बाळंतपणाला येतो असं चाँद पाशा सांगून गेला होता. तो आला नाही, जीनमधून तार आली.

हलीमा तार घेऊन आली तेव्हा पंत कचेरीला निघाले होते. घाईतच त्यांनी वाचलं, "शॉर्ट ऑफ हँड्स. चाँद पाशा कॅनॉट कम." मग मला उघडलं, दोन शब्द काढले आणि मिटून ठेवलं. शॉर्ट म्हणजे तोकडा. हँड म्हणजे हात.

"वाईट बातमी आहे, हलीमा," ते म्हणाले. "हात तोकडे झाले, चाँद पाशा येऊ शकत नाही, असं लिहिलंय."

जीनच्या यंत्रात हात सापडल्याच्या गोष्टी गावात सगळ्यांना ठाऊक होत्या. हलीमा मटकन खाली बसली. "कोनता हात, पंत? एक का दोनी?"

पंतांनी पुन्हा तार पाहिली. "हँड्स आहे. दोन्ही."

ती मग भिंतीला धरून उठली. "मी जाते. त्याला तिथं घास कोन भरवून राहिलं असंल?"

शेजारच्या प्रेमसिंगनं गाडी जुंपली. वारंगा फाट्यापर्यंत बैलगाडी, पुढं मोटार, असं ठरलं. खुर्शीदबी आडवी आली. "या खडकाळ वाटंनं गेलीस तर हे लेकरूबी हातचं जाईल, पोरी."

"मंग त्यानं उपाशी मरावं का?" हलीमा म्हणाली. तिनं गाडीवर पाय ठेवला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती. पंत, खाली वाचा, अजून आठ अर्थ बाकी आहेत! पण कोशाला उघडल्याशिवाय बोलता येत नाही. मला उघडलं ते गंगूताईंनी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मराठी मात्र घडाघडा वाचता यायचं.

"शब्द कुठला होता?" त्यांनी विचारलं.

"आता काय बघायचंय त्यात?" पंत म्हणाले, पण त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

"अहो, गहू निवडताना मी वरची मूठ बघून डबा भरत नाही," असं म्हणून त्या दारात उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या. "हात. घड्याळाचा काटा. हस्ताक्षर. बाजू. पत्त्यांच्या डावात आलेली पानं. घोड्याची उंची मोजायचं माप. मदत. कसब. कामकरी, मजूर."

हलीमानं गाडीवर ठेवलेला पाय खाली घेतला. "थांबा, ताई. मजूर?"

"हो, असंच छापलंय."

"मंग हे तर आपलंच बोलनं हाय. कापूस येचायला हात कमी पडले, असं न्हाई का म्हनत आमी?"

पंतांनी तार डोळ्यांजवळ नेली. "कामाला माणसं कमी आहेत," ते म्हणाले. "म्हणून त्याला सोडत नाहीत. त्याच्या हातांना काही झालेलं नाही, बाई."

हलीमा गाडीच्या चाकाला धरून रडली. प्रेमसिंगनं बैल सोडले. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण माझं ते पान तिच्याइतकं बरोबर कुणाला कळलं नाही. मला तिचं फार कौतुक वाटतं.

पंतांचंही वाटतं. दोष तारेवर ढकलता आला असता, माझ्यावरही आला असता. त्यांनी सगळ्या गल्लीदेखत सांगितलं, "चूक माझी. मी पहिल्याच अर्थावर थांबलो."

अकरा दिवसांनी हलीमाला मुलगी झाली, आणि ती जगली. हंगाम संपल्यावर चाँद पाशा आला. पंतांनी स्वतः त्याच्या घरी जाऊन झालेलं सगळं सांगितलं. तो बराच वेळ आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला. मग त्यानं लेकरू उचललं आणि पंतांच्या ओंजळीत दिलं.

मित्रांनो, पुस्तकाला जपा, पण तेवढ्यानं भागत नाही. त्याला पुरतं बोलू द्या. आता १९४८ साल आहे. ती मुलगी, कमरुन्निसा, रोज पंतांकडे शिकायला येते. एक शब्द काढते आणि बोट हळूहळू पानाच्या तळापर्यंत नेते. वेळ लागतो तिला. लागू द्या. कुणी तिला घाई करू नका.