सातव्या पेटीखाली

"हात काढ, सेल्वमलर. उचलू नकोस."

सेल्वमलरने सुरुंगाच्या लाकडी पेटीभोवतीची वाळू ब्रशने झाडून काढली होती. युगवती मागे, नियमाने ठरलेल्या अंतरावर उभी होती. जोडीतली एक सुरुंग उकरते, दुसरी पाहते. अर्ध्या तासाने पाळी बदलते. सातवा सुरुंग आपल्या पाळीत यावा म्हणून युगवती सकाळपासून मोजत होती. पण सहावा झटपट निघाला आणि सातवाही सेल्वमलरच्याच हाताखाली आला.

"का, अक्का? पेटी तर मोकळी झालीय."

"खाली अजून एक आहे. वरचा हलला की तो फुटतो."

"शोधयंत्र एकदाच वाजलं."

"एकावर एक असले की एकदाच वाजतं."

सेल्वमलर सावकाश मागे सरकली. मग युगवतीने सगळंच सांगून टाकलं. मुल्लैत्तीवूच्या या ताडांखाली सुरुंगांची ही रांग तिनेच पुरली होती, एकोणिसाव्या वर्षी, सैन्याशी लढणाऱ्या चळवळीत असताना. युद्ध संपल्यावर निर्वासितांच्या छावणीत चौकशी झाली तेव्हा तिने ते लपवलं. आता कळलं तर नोकरी जाणार, चौकशीची गाडी दारात येणार.

सेल्वमलरच्या थोरल्या बहिणीचा पाय इथून मैलभरावर, स्वतःच्या शेतात सुरुंगाने गेला होता.

"तुम्ही चळवळीतले आम्हाला म्हणायचात, तुमच्यासाठीच पुरतोय."

"तुमच्यासाठीच होते. सैन्य इथे चार दिवस अडलं. तेवढ्यात तुझं गाव खाडीपार गेलं. तूही."

"आणि खालचा? तो कुणासाठी?"

सुरुंग पुरायला शिकवताना सांगितलेले शब्द युगवतीला अजून पाठ होते. "काढायला येईल त्याच्यासाठी."

"म्हणजे माझ्यासाठी. सहा वर्षं माझ्या डब्यातली मासळी खाल्लीस तू."

काम थांबलेलं पाहून मुकादम तवरासा सुरक्षित हद्दीच्या दोरीपाशी आला. युगवती तोंड उघडणार, तोच सेल्वमलर बोलली. पेटी कुजली आहे, खाली दुसरी असावी असं वाटलं म्हणून मीच थांबले, जागेवरच उडवा, असं तिने सांगितलं.

"शाबास. असंच डोकं चालव, नाहीतर तुझा पाय मलाच घरी पोचवावा लागेल," म्हणत तो स्फोटकं आणायला वळला.

तो लांब गेल्यावर सेल्वमलर युगवतीकडे वळली.

"आभार मानू नकोस. असले अजून किती?"

"नऊ."

"दाखव."

युगवती दोरीबाहेरून चालत गेली. यंत्र न लावता, नुसती ताडांकडे पाहत तिने एकेक जागा दाखवली. प्रत्येक जागेसमोर, दोरीच्या अलीकडे, सेल्वमलर लाल काठी ठोकत गेली. नवव्या काठीला युगवतीने मदतीला हात पुढे केला. सेल्वमलरने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि एकटीनेच ठोकली.